विधेयक मंजूर झालं म्हणजे कायदा लागू झाला का?

या महिन्याच्या टपालात बहुतेक पत्रांचा रोख एकाच दिशेने आहे. 'विधानसभेत तर मंजूर झालं होतं, मग पोलीस नाही का म्हणतात?', 'नवा नियम आला म्हणे, मग माझी केस का अडली?' साताऱ्याच्या न्यायालयात वकिली करताना हे प्रश्न मी रोज पक्षकारांच्या तोंडून ऐकते. म्हणून या वेळी सदरात राज्याच्या विधेयकांविषयीचीच पाच पत्रं घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, माझी मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ओळखीतला एक मुलगा बरेच महिने नवनवीन नंबरांवरून तिला मेसेज करतो, इन्स्टाग्रामवर खोटी खाती काढून तिचे फोटो टाकतो, क्लासच्या बाहेर उभा राहतो. पोलीस ठाण्यात गेलो आणि 'शक्ती' कायद्याखाली गुन्हा नोंदवा म्हणाले, तर 'असा कायदाच नाही' म्हणून आम्हाला परत पाठवलं. तो एकमताने मंजूर झाल्याचं मी स्वतः टीव्हीवर पाहिलं आहे. आमची फसवणूक होते आहे का?
— एक आई, बार्शी

उत्तर : ताई, 'शक्ती' हा कायदा नाही, एवढं त्यांनी खरं सांगितलं. पण तेवढं सांगून तुम्हाला रिकाम्या हाताने परत पाठवलं, हे साफ चूक. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तुमची निकड दुसरीची आहे, म्हणून आधी तीच घेते.

तुम्ही वर्णन केलेला प्रकार भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये बसतो. मुलीने स्पष्ट नाही म्हटल्यावरही तिचा पाठलाग करणं, संपर्क साधत राहणं, तसंच इंटरनेटवरच्या तिच्या वावरावर पाळत ठेवणं हा गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पुन्हा तेच केलं तर पाच वर्षांपर्यंत, आणि तेव्हा जामीन हक्काने मिळत नाही. मेसेजमध्ये अश्लील मजकूर असेल तर कलम ७५ आणि ७९, शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ लागतं. यासाठी 'शक्ती'ची गरज नाही.

आता ठाण्यात पुन्हा जाल तेव्हा तोंडी बोलू नका. तक्रार लिहून न्या. मुलीने त्याला कधी आणि कुठल्या शब्दांत नकार दिला, हे तक्रारीत यायलाच हवं, कारण कलम ७८ मधला पाठलागाचा आणि संपर्काचा गुन्हा त्या नकारावर उभा आहे. फिर्याद नोंदवल्यावर तिची प्रत विनामूल्य देणं पोलिसांवर बंधनकारक आहे. हद्दीचं कारण सांगितलं तरी घाबरू नका, गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. तरीही टाळाटाळ झाली, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम १७३(४) प्रमाणे तीच तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. तिथेही काही झालं नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. आणखी एक गोष्ट फार कमी घरांना माहीत असते. साक्षीदार म्हणून जबाब घ्यायला मुलीला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी तिच्या घरी यायचं असतं. तिची स्वतःची तयारी असेल तरच तिने ठाण्यात जावं.

पुरावा सांभाळा. राग येतो, किळस येते आणि मुली सगळं डिलीट करून टाकतात. तसं होऊ देऊ नका. मूळ मेसेज ज्या फोनवर आले, तो फोन विकू नका आणि फॉरमॅटही करू नका. नुसत्या स्क्रीनशॉटच्या झेरॉक्सवर न्यायालयात काम भागत नाही. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र त्यासोबत लागतं. खोट्या खात्याची लिंक तारखेसह लिहून ठेवा.

आता 'शक्ती'विषयी. हैदराबादजवळ एका डॉक्टर तरुणीवर अत्याचार करून तिचा खून झाला, त्यानंतर डिसेंबर २०१९ मध्ये आंध्र प्रदेशने 'दिशा' विधेयक आणलं. त्याच धर्तीवर महाराष्ट्राचं 'शक्ती' विधेयक डिसेंबर २०२० मध्ये मांडलं गेलं. ते संयुक्त चिकित्सा समितीकडे गेलं आणि २३ डिसेंबर २०२१ रोजी विधानसभेने एकमताने मंजूर केलं. तुम्ही टीव्हीवर पाहिलंत ते हेच असणार. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेनेही मंजुरी दिली. बलात्काराच्या काही प्रकारांत फाशी, ठरावीक दिवसांत तपास, ठरावीक दिवसांत खटला, फोन आणि समाजमाध्यमांतून होणाऱ्या छळासाठी वेगळं कलम, मोबाइल आणि समाजमाध्यम कंपन्यांनी तपासाला माहिती दिली नाही तर दंड, अशा तरतुदी त्यात होत्या.

पण त्यात भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) हे तीन केंद्रीय कायदे बदललेले होते. अशा विधेयकाला राष्ट्रपतींची संमती लागते. ती येईना. दरम्यान १ जुलै २०२४ पासून दंड संहिता आणि प्रक्रिया संहिता दोन्ही रद्द होऊन नव्या संहिता आल्या. म्हणजे 'शक्ती' ज्या कलमांत दुरुस्ती करणार होतं ती कलमंच उरली नाहीत. नव्या संहितेत बऱ्याच तरतुदी आल्याचं सांगून केंद्राने हरकती काढल्या आणि राज्य सरकारनेही पुढे विधेयक मागे घेण्याचीच भूमिका घेतली.

माझं मत विचाराल तर स्पष्ट सांगते. त्या विधेयकातला डिजिटल छळाचा भाग मला हवा होता. तुमच्या मुलीसारख्या कितीतरी मुलींना तो उपयोगी पडला असता. पण खोटी तक्रार केली तर एक ते तीन वर्षं कैद, ही तरतूद त्यात होती, तिला माझा पूर्ण विरोध होता आणि आहे. बाईचा पाय ठाण्याच्या पायरीवर अडखळतो तो आधीच 'लोक काय म्हणतील' म्हणून. त्यात हीही भीती घातली, तर ती दारातूनच मागे फिरेल. फाशीचंही तसंच. अत्याचार करणारा बऱ्याचदा काका, मामा, शेजारी, कधी बापच असतो. त्याला फाशी होईल म्हटलं की घरातलेच मुलीचं तोंड दाबतात.

आणि मुदतीचं म्हणाल, तर ती आजही कायद्यात आहे. बलात्काराच्या आणि पॉक्सोच्या गंभीर गुन्ह्यांचा तपास दोन महिन्यांत पुरा करायचा असतो. बलात्काराचा खटला दोषारोपपत्र दाखल झाल्यापासून दोन महिन्यांत संपवायचा असतो. मुदत कागदावर असून ती पाळली का जात नाही, ते पाहायचं तर कुठल्याही जिल्हा न्यायालयात एक सकाळ बसा. रोजनाम्यावर एक ओळ येते, 'सीए अहवाल अप्राप्त, पुढील तारीख.' सीए अहवाल म्हणजे न्यायसहायक प्रयोगशाळेचा रासायनिक तपासणीचा अहवाल. नमुने पुण्याला किंवा कोल्हापूरला गेलेले असतात आणि तिथे त्यांच्या आधी आलेले नमुने रांगेत असतात. शाळा बुडवून आलेली मुलगी बाहेरच्या बाकावर आईच्या मांडीवर डोकं टेकून झोपलेली असते. तिची आणि आरोपीची नजरानजरही होऊ नये असं पॉक्सो सांगतो, पण तो त्याच व्हरांड्यात चार पावलांवर उभा असतो. साक्षीसाठी वेगळी खोली, वेगळं दार, प्रयोगशाळेत पुरेशी माणसं, सरकारी वकिलाला प्रकरण वाचायला वेळ, या गोष्टींसाठी राष्ट्रपतींची सही लागत नाही. राज्याच्या अर्थसंकल्पात तरतूद करावी लागते. 'शक्ती'च्या निमित्ताने जेवढी भाषणं झाली, तेवढी या तरतुदीसाठी व्हावीत, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. मुलाने जातीबाहेर लग्न केलं म्हणून गावकीने आमच्या घराला वाळीत टाकलं आहे. कुणी बोलत नाही, पालखी आमच्या दारी थांबत नाही, दुकानदार माल देत नाही. बहिष्काराविरुद्ध कायदा झाल्याचं वाचलं होतं. पण गावातले जाणते म्हणतात, 'ते विधेयक होतं, दिल्लीत अडकलं.' खरं काय?
— एक वाचक, महाड तालुका

उत्तर : सर, हा कायदा आहे, चालू आहे आणि तुमच्यासाठीच केलेला आहे. गावातल्या जाणत्यांचा 'शक्ती'शी घोळ झालेला दिसतो.

महाराष्ट्र सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणाऱ्या कायद्याचं विधेयक एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलं. तेही राष्ट्रपतींकडे गेलं, पण २०१७ च्या जून महिन्यात संमती मिळाली आणि ३ जुलै २०१७ पासून कायदा लागू झाला. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्यासाठी चिथावणी देणाऱ्यालाही तेच. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना न्यायालयाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. दोषारोपपत्रानंतर सहा महिन्यांत खटला निकाली काढायचा आहे. बहिष्कार टाकायला कुठे बैठक बसणार असल्याचं कळलं, तर ती रोखण्याचे अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांना आहेत. तक्रार तुम्ही स्वतः किंवा घरातलं कुणीही करू शकतं, ठाण्यात किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे.

तक्रारीत 'आम्हाला वाळीत टाकलं' एवढंच लिहून थांबू नका. पालखी कोणत्या दिवशी दारावरून तशीच पुढे गेली, कोणत्या दुकानदाराने काय शब्द वापरून माल नाकारला, बैठक कुठे बसली, कोण बोललं, दंड मागितला का, असं एकेक लिहा. मुलाच्या लग्नाच्या नोंदणीचा दाखला जोडा. पुढे गावकीने माफी मागितली आणि तुम्हाला मिटवावंसं वाटलं, तर न्यायालयाच्या परवानगीने तडजोडही होऊ शकते. पण ती तुमच्या इच्छेने व्हावी, गावाच्या दडपणाने नाही.

एक विधेयक वर्षाच्या आसपास कायदा होतं आणि दुसरं अडकतं, असं का, हेही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलं आहे. फौजदारी कायदा, फौजदारी प्रक्रिया आणि दिवाणी प्रक्रिया हे तिन्ही विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहेत. म्हणजे संसदही कायदा करू शकते आणि राज्यही. दोघांत विसंगती असेल तिथे संसदेचा कायदा वरचढ ठरतो. मात्र राज्याचं विधेयक राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवलं गेलं आणि त्यांची संमती मिळाली, तर अनुच्छेद २५४(२) प्रमाणे त्या राज्यापुरता राज्याचा कायदा चालतो. बहिष्काराचा कायदा कुठल्याही केंद्रीय कायद्याचं कलम मोडत नव्हता, त्यात नवा गुन्हा निर्माण केला होता. 'शक्ती' तीन केंद्रीय कायद्यांच्या आत शिरून बदल करत होतं. माझ्या दृष्टीने मोठा फरक तिथेच आहे.

राष्ट्रपती म्हणजे प्रत्यक्षात केंद्रीय मंत्रिमंडळाचा सल्ला. या टप्प्याला घटनेत मुदत नाही. ती न्यायालयाने घालून द्यावी का, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मत दिलं, तेही नाही असंच. गुजरातचं उदाहरण यासाठी पाहण्यासारखं आहे. आपला मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा, १९९९ साली आला आणि काही आठवड्यांत त्याला संमतीही मिळाली. त्याच धर्तीवर गुजरातने २००३ साली विधेयक मंजूर केलं. ते एकाहून अधिक वेळा परत आलं आणि कायदा झाला तो २०१९ साली. दोन्ही विधेयकांचा साचा एकच होता.

सर, बहिष्कार मोडण्याचा कायदा आपल्याकडे नवा नाही. मुंबई राज्याने १९४९ साली असा कायदा केला होता, तो १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला. त्यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळ वाळीत टाकलेल्या माणसांच्या हातात स्वतंत्र असा कायदा नव्हता. आज तो आहे. कृपा करून तो वापरा. ठाण्यात जाताना कायद्याची मराठी प्रत सोबत न्या आणि तिच्यातलं कलम दाखवा.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावावर आणि आम्हा सगळ्यांवर वहिनीने ४९८-अ ची केस केली होती. आता दोघांचं रीतसर मिटलं आहे, संमतीने घटस्फोट ठरला आहे. ही केस महाराष्ट्रात तडजोडीने मिटवता येते, असा कायदा झाल्याचं एकाने सांगितलं. आमचे वकील म्हणतात, हायकोर्टात जावं लागेल. वकील खर्च वाढवताहेत का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचे वकील बरोबर सांगताहेत. पती आणि सासरच्यांकडून होणाऱ्या क्रूरतेचा हा गुन्हा आपल्याकडे तडजोडयोग्य नाही. दोन्ही बाजू हसतमुखाने उभ्या राहिल्या तरी न्यायदंडाधिकारी केवळ तडजोडीवर केस बंद करू शकत नाहीत. आंध्र प्रदेशने २००३ सालीच राज्यापुरती दुरुस्ती करून न्यायालयाच्या परवानगीने तडजोडीची सोय केली. त्यातही अर्ज केल्यापासून किमान तीन महिने जाऊ द्यायचे, म्हणजे बाईला विचार बदलायला वाव राहतो. मला ही अट फार शहाणपणाची वाटते. महाराष्ट्राच्या विधिमंडळानेही अशा दुरुस्तीचं विधेयक मंजूर करून राष्ट्रपतींकडे पाठवलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ च्या एका निकालात हा गुन्हा तडजोडयोग्य करण्याची गरज केंद्रापुढे मांडली. पण आपल्याकडे तो बदल अमलात आला नाही, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या तडजोडयोग्य गुन्ह्यांच्या यादीतही हा गुन्हा नाही. तुम्हाला कुणी सांगितलं ते या विधेयकाविषयी असणार.

तेव्हा मार्ग उच्च न्यायालयाचाच. तिथे फिर्याद आणि खटला रद्द करण्यासाठी अर्ज करायचा. पूर्वी त्याला कलम ४८२ म्हणत, आता नव्या संहितेचं ५२८ आहे. वहिनींचं प्रतिज्ञापत्र लागेल, तडजोडीच्या अटी लेखी लागतील, पोटगीची किंवा स्त्रीधनाची रक्कम कशी व कधी देणार ते स्पष्ट लागेल. न्यायमूर्ती बहुधा वहिनींना स्वतः विचारतात की हे तुम्ही दडपणाशिवाय मान्य केलं का. घरगुती वादात खरोखर मिटलं असेल तर उच्च न्यायालय खटला रद्द करू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ आणि २०१२ च्या निकालांत मान्य केलेलं आहे.

तुमच्यासाठी दिलाशाची गोष्ट म्हणजे मुंबईला जायची गरज राहिलेली नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे आहेत. सांगलीहून सकाळी निघालात तर काम आटोपून संध्याकाळी घरी.

एक विनंती. खर्च वाचवायला काही जण दुसरी वाट सुचवतात. खटला चालू द्यायचा आणि वहिनींनी पिंजऱ्यात उभं राहून 'मला काही आठवत नाही' म्हणायचं. तसं करू नका. त्यात त्या शपथेवर खोटं बोलतात, सरकारी वकील त्यांना फितूर घोषित करून उलटतपासणी घेतात आणि ज्या बाईने त्रास सोसला तीच शेवटी खोटी ठरून घरी जाते. तुमचं मिटलं असेल तर तिचा मान राखून मिटवा.

प्रश्न : शेजाऱ्याने बांध कोरून माझ्या जमिनीत अतिक्रमण केलं म्हणून मी २०१४ साली दावा केला. निशाणी ५ च्या, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या, अर्जावेळी त्यांनी 'या कोर्टाला अधिकारच नाही' अशी हरकत घेतली आणि ९-अ खाली आधी तोच मुद्दा काढला. तेव्हापासून सगळं तिथेच. आता कळलं की कलम ९-अ रद्द झालं. म्हणजे माझा दावाही गेला का?
— एक शेतकरी, फलटण

उत्तर : नाही दादा. कलम गेलं, दावा तसाच आहे, आणि कलम गेलं हे तुमच्या फायद्याचंच आहे.

दिवाणी प्रक्रिया संहितेतलं ९-अ हे फक्त महाराष्ट्रापुरतं कलम होतं, १९७० च्या दशकात राज्याने घातलेलं. तेव्हा मुंबईच्या नगर दिवाणी न्यायालयात एक पद्धत पडली होती. सरकारला आगाऊ नोटीस न देताच दावा लावायचा, मनाई हुकूम मिळवायचा आणि मग दावा काढून घेऊन नोटीस देऊन नवा लावायचा. ते थांबवायला ही तरतूद आली. मनाईच्या अर्जावेळी अधिकारक्षेत्राची हरकत आली तर आधी तिचा निकाल. हेतू चांगला होता. पण गावोगावच्या दाव्यांत तिचा वापर वेळ काढण्यासाठी होऊ लागला. प्राथमिक मुद्द्यावर साक्षीपुरावा, त्यावर निकाल, त्याविरुद्ध वर धाव, आणि खरा प्रश्न, म्हणजे बांध कुणाचा, तो जागच्या जागी. राज्याने जून २०१८ मध्ये वटहुकूम काढून आणि नंतर त्याच वर्षी कायदा करून हे कलम काढून टाकलं.

कलम ९-अ खाली काढलेला मुद्दा तेव्हा प्रलंबित असेल, तर तो आता इतर मुद्द्यांसारखाच एक मुद्दा मानायचा आणि दाव्याच्या अंतिम निकालाबरोबर ठरवायचा, अशी सोय त्या दुरुस्तीत आहे. म्हणून वकिलांना सांगून न्यायालयात पुरशीस, म्हणजे लेखी निवेदन, द्या की ९-अ रद्द झाल्यामुळे सर्व मुद्दे निश्चित करून दावा पुराव्यासाठी घ्यावा. निशाणी ५ चा निकाल राहिला असेल तर त्याचीही मागणी करा. भूमी अभिलेखकडून मोजणी करून नकाशा घेतला नसेल तर आताच अर्ज करा, किंवा न्यायालयाकडून कोर्ट कमिशनर मागा. बांधाच्या दाव्यात शेवटी मोजणीच बोलते. सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, बांध कुठे आहे ते नसतं.

प्रश्न : मी कायद्याची विद्यार्थिनी आहे. जनसुरक्षा विधेयकावर नागरिकांकडून सूचना मागवल्या होत्या, पण मला ते मुदत संपल्यावर कळलं. पुढच्या वेळी असं विधेयक आलं तर सामान्य माणसाने नेमकं काय करायचं? आणि आपल्या पत्राने खरंच काही बदलतं का?
— एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : बदलतं, आणि तू घेतलेलं उदाहरणच त्याचा दाखला आहे.

महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक पहिल्यांदा जुलै २०२४ मध्ये मांडलं गेलं. ते तसंच राहिलं आणि निवडणुकीपूर्वीची विधानसभा संपल्यावर व्यपगत झालं, म्हणजे आपोआप संपलं. (मंजूर होऊन संमतीसाठी गेलेलं विधेयक असं व्यपगत होत नाही, म्हणून 'शक्ती' त्या निवडणुकीनंतरही जिवंत होतं. हा फरक परीक्षेत विचारतात.) डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा मांडून संयुक्त समितीकडे पाठवलं. बारा हजारांहून जास्त सूचना आणि हरकती आल्या. १० जुलै २०२५ ला विधानसभेने आणि दुसऱ्या दिवशी परिषदेने ते मंजूर केलं. तोवर मसुद्यात बदल झाले होते. 'व्यक्ती व संघटना' असा सरसकट रोख होता, तो 'कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना' असा झाला. तपास उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. सल्लागार मंडळाची रचना बदलली.

मला स्वतःला हे बदल पुरेसे वाटत नाहीत. बेकायदेशीर कृत्याची व्याख्या अजून सैल आहे. 'कायद्याच्या अंमलबजावणीत हस्तक्षेप करण्याचा कल' अशा शब्दांत एखादा शांत मोर्चाही बसवता येईल, ही माझी हरकत होती आणि आजही आहे. ज्या गुन्ह्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि जामीन हक्काने नाही, त्याची व्याख्या वाचून गावातल्या माणसाला कळलं पाहिजे की मी काय करायचं नाही. तरीही त्या हजारो पत्रांशिवाय मूळ मसुदा जसाच्या तसा आला असता, हेही तितकंच खरं.

तेव्हा अधिवेशनाच्या दिवसांत विधानमंडळाच्या संकेतस्थळावर मांडलेल्या विधेयकांची यादी पाहत जा, मराठी मसुदे तिथे असतात. मसुदा हाती आला की शेवटचं निवेदन आधी वाच. 'उद्देश व कारणे' या शीर्षकाखाली सरकार आपल्याला हे का हवं ते सांगतं. मग व्याख्या, मग निर्णय कोण घेणार आणि त्याविरुद्ध दाद कुठे, मग नियम करण्याचा अधिकार कुणाला. पहिल्या कलमात बहुधा लिहिलेलं असतं, 'शासन राजपत्रातील अधिसूचनेद्वारे नेमील अशा दिनांकास अंमलात येईल.' म्हणजे संमती मिळाल्यावरही अधिसूचना निघेपर्यंत तो कायदा लागू नसतो. 'आजपासून नवा कायदा' अशी बातमी दिसली की राजपत्रातली ही तारीख शोधायची.

समितीची जाहिरात वर्तमानपत्रात येते, मुदत थोडी असते. निवेदन दोन पानांचं पुरे. कलमाचा क्रमांक, त्यातले खटकणारे शब्द आणि त्यांच्या जागी तुला हवे असलेले शब्द, अशा क्रमाने लिही. नुसता निषेध समितीला फाइलला लावता येतो, पर्यायी शब्दरचना दिली तर त्यावर चर्चा होऊ शकते. प्रत तुझ्या आमदारांना दे, आणि समितीत ज्या पक्षांचे सदस्य आहेत त्यांनाही. समितीचा अहवाल सभागृहात मांडला जातो, त्याला सदस्यांच्या भिन्न मतपत्रिका जोडलेल्या असतील तर त्या जरूर वाच. मुदत चुकली असली तरी मंजुरीच्या दिवशी विधेयकावर दुरुस्त्या सुचवण्याचा अधिकार प्रत्येक आमदाराला असतो, त्यामुळे चर्चेच्या आदल्या दिवशी पोचलेलं पत्रही उपयोगी पडतं.